नातं नसलेली नऊ माणसं

चारुदत्त आगाशे यांच्यासाठी आजवर टाळ्या वाजल्या त्या एकदाच, बँकेतून निवृत्त झाले त्या दिवशी. त्याही निम्म्याच वाजल्या, कारण उरलेल्यांच्या हातात सिंगाडे, म्हणजे बंगाली समोसे, होते. तेव्हा मंडळाच्या जानेवारीतल्या तातडीच्या सभेत ते उभे राहिले आणि "ही यादी मी करतो, शास्त्रशुद्ध करतो आणि वीस दिवसांत करतो" असं म्हणाले, त्यामागे थोडी हौस होती हे कबूल करायला हवं. पण प्रसंगही तसाच होता.

कोलकात्यातल्या या मराठी मंडळाकडे वाचनालयाची एक खोली आहे. खोली एका जुन्या ट्रस्टच्या मालकीची, आणि दर दहा वर्षांनी करार नवा करायचा असतो. यंदा ट्रस्टकडून पत्र आलं की नऊ जणांची कार्यकारिणी कळवा, त्या नऊ जणांत कुणाचं कुणाशी नातं असता कामा नये, तशी प्रत्येकाची सही केलेली घोषणा जोडा आणि हे सगळं एकतीस तारखेपर्यंत आणून द्या, नाहीतर खोली रिकामी करा. खोलीत चार हजार मराठी पुस्तकं आहेत आणि ती सांभाळतात चारुदत्तांच्या पत्नी वृंदा. अकरा वर्षांपूर्वी बदली होऊन हे दोघं इथं आले. निवृत्तीनंतर पुण्याला परतायचं ठरलेलं असताना इथंच बेहाल्यात फ्लॅट घेतला तो याच खोलीपायी. खोली गेली तर पुस्तकं चार जणांच्या माळ्यावर जातील आणि वृंदा दिवसभर घरी राहून आपल्याला सुधारतील, हे चारुदत्तांना स्पष्ट दिसत होतं.

आता नऊ माणसं शोधणं म्हणजे काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. पण हे मंडळ साठ घरांचं, आणि तीन पिढ्या इथंच राहून आपापसात लग्नं करणारं. मावळत्या कार्यकारिणीतच सेक्रेटरी उदय पाटणकर, त्यांचे साडू आणि साडूंचे व्याही असे तिघं शेजारी शेजारी बसत. कोण कुणाच्या नणंदेच्या दिराला दिलेली आहे, हे नेमकं सांगू शकणारी माणसं एकतर वारली होती किंवा नागपूरला गेली होती.

"चारुदत्तराव, एका वहीत होईल हे काम," उदय म्हणाले.

"वहीला प्रश्न विचारता येत नाहीत," चारुदत्त म्हणाले आणि बसले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की घरी जाईपर्यंत त्यांनी ते मनात चारदा म्हणून पाहिलं.

त्यांच्या या आत्मविश्वासाला कारण होती भाची सुरुची. ती मंडळाची सदस्य नाही, सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत डेटाबेस बनवते. दिवाळीत ती म्हणाली होती की आमचा नवा डेटाबेस साध्या माणसांनी वापरून पाहायला हवा आणि अनुभव प्रामाणिकपणे लिहून द्यायला हवा. चारुदत्तांनी तिला फोन लावला आणि आपण साधी माणसं असल्याचं कळवलं.

"यात तीन प्रकार एकत्र आहेत, मामा," सुरुचीनं समजावलं. "अख्खा कागद आहे तसा ठेवता येतो. नाव दिलं की फोन नंबर झटकन निघतो. आणि माणसं म्हणजे ठिपके, नाती म्हणजे रेघा, असं जाळंही विणता येतं. मग विचारायचं, या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत वाट आहे का. वाट नाही म्हणजे नातं नाही."

"म्हणजे तिपेडी वेणी," वृंदा स्वयंपाकघरातून म्हणाल्या, आणि त्या क्षणापासून त्या डेटाबेसचं घरातलं नाव तिपेडी पडलं.

चारुदत्तांनी पहिल्याच दिवशी ट्रस्टचं पत्र स्कॅन करून तिपेडीत ठेवलं, नोंद क्रमांक एक. मग सदस्यांसाठी एक फॉर्म तयार केला. एकतीस वर्षं लोकांकडून फॉर्म भरून घेतलेला माणूस, त्याला स्वतः फॉर्म काढायची संधी पहिल्यांदाच मिळत होती. त्यांनी बावीस रकाने काढले. रक्तगट विचारला. कोलकात्यात येण्याचं प्रयोजन विचारलं. आणि सातव्या रकान्यात विचारलं, 'मंडळातील अन्य सदस्यांशी असलेले आपले नाते (सर्व लिहावे)'. हा सातवा रकाना लक्षात ठेवा. बाकीचे एकवीस कुणी धड भरले नाहीत, पण सातवा सगळ्यांनी भरला आणि जागा पुरेना म्हणून मागे पुरवण्या जोडल्या.

फॉर्म गोळा करायला ते स्वतः घरोघर गेले. सॉल्ट लेकला गेले, हावड्याला गेले, सियालदहहून गाडी पकडून बराकपूरला गेले. प्रत्येक घरी पोहे झाले. शेजारचे सान्यालबाबू, रेल्वेतून निवृत्त, रोज सकाळी चौकशी करत आणि सल्ला देत. पहिला सल्ला पोटासाठी होमिओपॅथीचा होता. दुसरा असा की कॉम्प्युटरमध्ये माणसांची नावं भरताना आधी नावं खरी आहेत का ते पाहा. चारुदत्तांना तो उगाचच वाटला आणि त्यांनी तो कानाआड केला.

तीन दिवसांनी तिपेडीनं सांगितलं की मंडळात तीनशे चाळीस माणसं आहेत. मंडळात माणसं होती दोनशे बारा. चारुदत्तांनी सुरुचीला कडक अभिप्राय लिहून पाठवला. 'सदर डेटाबेस माणसे निर्माण करतो. खुलासा व्हावा.'

खुलासा सान्यालबाबूंनी केला. "मैंने कहा था ना," ते म्हणाले. इथं वाढलेल्या पोराटोरांना, मराठी असली तरी, शेजारपाजारचे बंगाली लोक एक घरगुती नाव देऊन टाकतात. आईनं फॉर्ममध्ये लिहिलं विहंग, आजोबांनी लिहिलं बाबाई, मावशीनं लिहिलं बुबाई. तिपेडीला तिघं वेगळे. इंजिनिअर झालेली, दाढ्या आलेली माणसं बाबाई आणि टुकाई नावानं तिथं स्वतंत्र नांदत होती. चारुदत्तांनी दोन दिवस बसून एकशे अठ्ठावीस माणसं रद्द केली. एवढी माणसं अशी कमी करताना आपल्याला काहीच वाटलं नाही, याचं मात्र त्यांना थोडं वाटलं.

पुढची अडचण रेघांच्या दिशेची. तिपेडीत प्रत्येक रेघेला बाण असतो. चारुदत्तांनी बाण एकाच बाजूनं दिले, त्यामुळे लीना देशमुख उदय पाटणकरांची मामेबहीण निघाली, पण उदय लीनाचे कुणीच लागेनात. "तसं म्हणायला बरोबरच आहे," असं लीना म्हणाली, पण तो त्यांचा खाजगी इतिहास. चारुदत्तांनी सातशे रेघांना उलटे बाण दिले. वृंदांनी एकदा येऊन पडद्याकडे पाहिलं, दोनरेघी वही हळूच टेबलावर ठेवली आणि निघून गेल्या. चारुदत्तांनी वही खुर्चीवर उशीखाली सरकवली. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

पंचवीस तारखेला सभा भरली. चारुदत्तांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. भिंतीवर तिपेडीचं चित्र पडलं. सगळे दोनशे बारा ठिपके एकात एक गुंतून भिंतीवर एक मोठा गोळा झाला होता. चारुदत्तांनी सगळ्यांसमोर प्रश्न टाकला, परस्परांशी नातं नसलेली नऊ माणसं दाखव. तिपेडीनं अर्धा मिनिट विचार केला आणि एकच माणूस दाखवलं. ते कुणीही घेतलं तरी दुसरं मिळत नव्हतं.

"म्हणजे आपण सगळे एकमेकांचे लागतो?" चैत्राली जोशींनी विचारलं.

"वाट दाखव म्हणा की," उदय म्हणाले. त्यांनी सहज म्हटलं. चारुदत्तांनी उदयच्या ठिपक्यापासून सात घरं फिरून परत उदयपर्यंतची वाट काढली, तेव्हा तिपेडीच्या हिशोबानं उदय पाटणकर हे स्वतःचेच मामेसासरे ठरले.

सभा हातातून गेली ती इथंच. हसून झाल्यावर लोक चित्रात स्वतःला शोधायला लागले, आणि मग कुणाला किती रेघा हे मोजणं आलंच. चैत्रालींना चौदा होत्या आणि यामिनी काळ्यांना नऊ, त्यावर यामिनी म्हणाल्या की माझी एक भाची आणि दोन मावश्या घालायच्या राहिल्या आहेत, आत्ता घ्या. सगळ्यांत जास्त रेघा बराकपूरच्या विजयाताई निंबाळकरांना निघाल्या, एकतीस. लष्करातल्या डॉक्टरांच्या त्या विधवा, वय एकोणऐंशी, घरी एकट्या. आणि सगळ्यांत कमी? चारुदत्तांनी विचारलं नसतं, पण उदयनं विचारायला लावलं. एक रेघ. चारुदत्त आगाशे, पत्नी वृंदा. तीही वृंदांनी आठवण केल्यावर लिहिली होती, आणि गोळ्यात ते होते ते वृंदांच्या इतर रेघांमुळेच.

चारुदत्त म्हणाले, "मी हे तपासून घेतो." आवाज व्यवस्थित होता, फक्त प्रोजेक्टरची वायर गुंडाळताना त्यांनी ती तीन वेळा उलटी गुंडाळली. अकरा वर्षं या मंडळाच्या खुर्च्या मांडल्या, गणपतीत रांगा लावल्या, चपला सांभाळल्या. अकरा वर्षांत अकरा रेघाही नसाव्यात याचं त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुरुचीनं घोळ शोधून काढला. विजयाताईंच्या फॉर्ममध्ये अकरा भाऊ होते. अकराही मंडळातले, आडनावं अकरा प्रकारची.

"मामा, ही भाऊबीजेची नाती आहेत," सुरुची म्हणाली. "तुम्ही सगळी खरी म्हणून भरलीत."

आणि तसंच होतं. माहेर सातारा, सोलापूर, अमरावती इतकं लांब, की भाऊबीजेला भाऊ येणार कुठून. म्हणून इथल्या बायकांनी इथलेच भाऊ धरले. लेकी बाळंतपणाला मंडळातल्याच कुणाकडे माहेरी म्हणून राहिल्या. दोन पिढ्या हे असंच चाललं आणि आता कुणी विचारलं की तुमचं नातं काय, तर लोक विचार न करता लिहीत, भाऊ. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. 'सर्व लिहावे' असं चारुदत्तांनीच लिहून दिलं होतं.

"प्रत्येक रेघेला प्रकार लावा," सुरुची म्हणाली. "रक्ताचं, लग्नाचं, मानलेलं. मग मानलेल्या रेघा लपवून प्रश्न विचारा."

हे सांगायला सोपं. पण त्यासाठी साठ घरी फोन करून विचारायचं होतं की अमुक माणूस तुमचा खरा भाऊ की मानलेला. उरले होते पाच दिवस. चारुदत्तांनी पाण्याचा तांब्या शेजारी घेतला आणि पहिला फोन लावला.

यामिनी काळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "खरा म्हणजे काय?" चैत्रालींनी फोन नवऱ्याकडे दिला. नवऱ्यानं तो परत चैत्रालींकडे दिला. लीना म्हणाली की माझ्या डोहाळजेवणाला सगळं करणारी मावशी मानलेली आणि तेव्हा साधा फोनही न करणारी आत्या खरी, असं तुमच्या कॉम्प्युटरला म्हणायचं असेल तर म्हणू दे. एका गृहस्थांनी सांगितलं की आगाशे, तुम्ही माणूस वाईट नाही, पण आज पुन्हा फोन करू नका. सान्यालबाबू दारात उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी यावेळी होमिओपॅथीसुद्धा सुचवली नाही.

तरी चारुदत्त हटले नाहीत. वृंदा वाचनालयातून आल्या, त्यांनी चौतिसावा फोन ऐकला, आणि पस्तिसावा स्वतः लावला. "मी विचारते. तुम्ही विचारलंत की चौकशी बसल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. पुढचे सगळे फोन त्यांनी केले आणि चारुदत्तांनी तिपेडीत नुसत्या खुणा केल्या.

विजयाताईंचा फोन मात्र चारुदत्तांनी स्वतःकडे ठेवला.

"खरा भाऊ नागपूरला आहे," विजयाताई म्हणाल्या. "अठरा वर्षांत आला नाही. मंडळातले अकरा जण दर भाऊबीजेला सियालदहहून गाडीनं येतात, पावसापाण्याचं येतात. आता तूच सांग, कुणापुढे काय लिहायचं."

 चारुदत्तांनी त्या अकरा आणि विजयाताईंच्या उरलेल्या वीसही रेघांपुढे 'मानलेलं' लिहिलं, आणि नागपूरच्या भावाला मंडळात ठिपकाच नव्हता.

अठ्ठावीस तारखेला मानलेल्या रेघा लपवल्या. भिंतीवरच्या त्या गोळ्याचे सुटे सुटे तुकडे झाले. एकतीस रेघांच्या विजयाताई आता कोपऱ्यात एकट्या ठिपका होऊन बसल्या होत्या. काम झालं याचा आनंद चारुदत्तांना व्हायला हवा होता, आणि झालाही, पण पडदा त्यांनी लवकर बंद केला.

नऊ नावं निघाली. पहिलं नाव विजयाताईंचं, दुसरं चारुदत्त आगाशेंचं, कारण ज्याला घराबाहेर कुणीच नाही तो या यादीत सगळ्यांच्या आधी बसत होता. उदय पाटणकर आले तेव्हा साडू गेले, आणि साडूंनी त्या दिवशी तिपेडीबद्दल जे अभिप्राय दिले ते सुरुचीच्या कंपनीला कळवण्यासारखे नव्हते. तीस तारखेपर्यंत आठ जणांच्या सह्या झाल्या. नववी सही विजयाताईंची. त्यांनी घरी पोचलेली घोषणा वाचली, 'माझे इतर आठ सदस्यांशी कोणतेही नाते नाही', आणि पेन खाली ठेवलं.

"या आठांतल्या पाच जणांना मी ओवाळते," त्या फोनवर म्हणाल्या. "खोटं आहे हे. मी सही करणार नाही."

"विजयाताई, खोली जाईल."

"खोलीसाठी वाटेल ते कर म्हण, करीन. हे नाही."

दुसरं नाव घ्यावं तर तिपेडी तयार नव्हती. नऊच्या नऊ बसत होते ते याच जुळणीत, दुसऱ्या कुठल्याही जुळणीत आठावर अडत होतं. एकतीस तारखेला सकाळी चारुदत्त बराकपूरला पोचले. दोन तास समजावलं. विजयाताईंनी त्यांना पोहे घातले आणि म्हणाल्या, "चल, मीच येते. त्या ऑफिसातल्या माणसालाच विचारते की असं लिहून का घेता." गर्दीच्या गाडीतून एकोणऐंशी वर्षांच्या बाई सियालदहपर्यंत उभ्या आल्या. बसायला जागा मिळाली होती, ती त्यांनी एका लेकुरवाळीला दिली.

ट्रस्टच्या ऑफिसात बिस्वासबाबू नावाचे कारकून होते. चारुदत्तांनी फाइल पुढे केली, त्यात नऊ नावं, आठ घोषणा आणि तिपेडीतून छापलेलं रंगीत जाळं. बिस्वासबाबूंनी जाळं बराच वेळ निरखलं. मग विजयाताईंनी त्यांना स्वच्छ बंगालीत आपली हरकत ऐकवली. भाऊबीज, अकरा भाऊ, नागपूर, सगळं. बिस्वासबाबूंनी मधेच त्यांच्यासाठी चहा मागवला.

"पर माशीमा, यह आपसे किसने कहा?" ते शेवटी त्यांना मावशी करत, चारुदत्तांनाही कळावं म्हणून हिंदीत म्हणाले. त्यांनी ट्रस्टचं मूळ पत्र चारुदत्तांच्या फाइलमधून काढलं आणि उलटं केलं. मागच्या बाजूला बारीक टायपात खुलासा होता, की नातं याचा अर्थ रक्ताचं किंवा विवाहानं आलेलं, तिसऱ्या पिढीपर्यंत.

चारुदत्तांनी पहिल्या दिवशी पत्राची पुढची बाजू तेवढी स्कॅन केली होती. एकतीस वर्षं काउंटरवर त्यांनी हजारो लोकांना सांगितलं होतं, साहेब, मागची बाजू वाचा आणि मगच सही करा. आता त्यांनी कागद हातात घेतला, मागची बाजू दोनदा वाचली, आणि साठ घरच्या फोनाफोनीतल्या शब्दांचं काय करायचं ते न कळून चष्मा पुसायला लागले.

"मग हे ठीक आहे," विजयाताई म्हणाल्या आणि त्यांनी सही केली. पण पेन परत दिलं नाही. "एक कोरा कागद द्या."

"फॉर्मवर जादा काही लिहिता येत नाही, माशीमा."

"फॉर्मवर नाही. जोडायला."

त्यांनी कागदावर आठही नावं ओळीनं लिहिली आणि प्रत्येकापुढे तो त्यांचा कोण हे मराठीत लिहीत गेल्या. उदयपुढे भाऊ, चैत्रालींपुढे भाची, असं करत त्या शेवटच्या नावाशी थांबल्या. शेवटचं नाव चारुदत्तांचं होतं.

"तू कधी आला नाहीस भाऊबीजेला."

"मला बोलावणं नव्हतं," चारुदत्त म्हणाले. ते म्हणून झाल्यावर त्यांना कळलं की हे आपण अकरा वर्षं म्हणायचं ठेवलं होतं.

"भाऊबीजेचं बोलावणं नसतं रे. यायचं असतं," विजयाताई म्हणाल्या, आणि त्यांनी चारुदत्तांच्या नावापुढे लिहिलं, 'भाऊ. येत्या दिवाळीपासून.'

बिस्वासबाबूंना मराठी येत नव्हती. त्यांनी कागद खालीवर पाहिला, पिन मारून फाइलला जोडला, शिक्का मारला आणि आवक क्रमांक घातला, चारशे सतरा. करार दहा वर्षांसाठी नवा झाला. बाहेर येऊन चारुदत्तांनी वृंदांना फोन करून कळवलं. वृंदा म्हणाल्या, "बरं झालं. येताना वही आणा, उशीखाली होती ती या फोनांच्या टिपणांनी भरून गेली. वाचनालयाला नवी लागेल."

दुसऱ्या दिवशी चारुदत्तांनी सुरुचीच्या कंपनीला अंतिम अभिप्राय पाठवला. 'वापरकर्त्याचा अनुभव. डेटाबेस आज्ञाधारक आहे. दिलेले सर्व लक्षात ठेवतो. जे दिले नाही त्याची चौकशी करत नाही, उदाहरणार्थ कागदाची मागची बाजू. पाचपैकी चार तारे. कापलेला तारा वापरकर्त्याच्या खाती टाकावा.'

मग त्यांनी लपवलेल्या सगळ्या रेघा परत दाखवल्या. भिंतीवरचा तो गोळा पडद्यावर पुन्हा गच्च झाला. त्यांनी आपला ठिपका शोधला आणि विजयाताईंच्या ठिपक्यापर्यंत एक रेघ ओढली, दोन्ही बाजूंना बाण देऊन. तिपेडीनं विचारलं, नात्याचा प्रकार काय? रक्ताचं, लग्नाचं, मानलेलं. चारुदत्तांनी चौथा प्रकार उघडला आणि त्यात लिहिलं, 'आवक क्रमांक चारशे सतरा'.

उदय पाटणकरांनी पुढच्या सभेत त्यावर हरकत घेतली. चारुदत्त म्हणाले की मंडळात शिक्का मारलेलं नातं एवढं एकच आहे, बाकीच्यांनी आपापले कागद आणावेत.